ब्रसेल्सचा कागद ठाण्यात बसून कसा वाचायचा

युरोपला नट-बोल्ट, पोलादी फिटिंग, ॲल्युमिनियमचे सुटे भाग पाठवणाऱ्या वागळे इस्टेट किंवा रबाळ्यातल्या गाळ्यांमध्ये २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास एक नवीन एक्सेल शीट येऊ लागली. माल किती टन, वायर रॉड कुठल्या मिलची, भट्टीत इंधन किती जळलं, लाईट बिलात युनिटं किती. पुढचा प्रवास ठरलेला. शेठ ती शीट एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनला बसणाऱ्या नव्या मुलीकडे ढकलतात. ती सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, फोन लावते. सीएचए म्हणतो, "मॅडम, हे आमच्याकडे येत नाही, पार्टीलाच विचारा." शेवटी ती मूळ नियमाची पीडीएफ उतरवते, पहिली दहा-बारा पानं वाचते आणि वैतागते. सगळं हवामानबदलाचं भाषण, यात आपल्या बोल्टचा संबंध कुठे येतो?

येतो, पण बराच मागे, परिशिष्टात. हा लेख तिच्यासाठी आहे. वाशीच्या एपीएमसीतून फळं परदेशी पाठवणाऱ्या फर्ममध्ये नुकता चिकटलेला ज्युनिअर, ठाण्याच्या सी. डी. देशमुख संस्थेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, पुनर्वसनाच्या प्रश्नावर काम करणारा नवा कार्यकर्ता, यांनाही तो उपयोगी पडावा. माझं म्हणणं एवढंच आहे: युरोपीय संघ (त्याचं मुख्यालय ब्रसेल्सला), संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक अशा संस्था जवळजवळ सगळं आधी, लेखी आणि तारीखवार सांगतात. पण सांगतात ते दहा तऱ्हेच्या कागदांतून. त्यातला कुठला कागद नुसता इरादा आहे आणि कुठला आपल्या गळ्यात पडणार आहे हे ओळखता आलं नाही, की माणूस एक तर उगाच घाबरतो किंवा गाफील राहतो.

पायरी पहिली: कागद कोणाचा आहे?

काटेकोर बोलायचं तर या लेखातल्या संस्थांपैकी राष्ट्रांच्या वर बसून कायदा करणारी एकच, युरोपीय संघ. त्याचा नियम २७ देशांत थेट लागू होतो, तिथल्या संसदांना तो वेगळा मंजूर करावा लागत नाही. संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक किंवा आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक ही सरकारांनी एकत्र येऊन चालवलेली दुकानं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा ठराव कितीही गाजला तरी त्यावरून कोणाला दंड होत नाही. बँका कायदा करत नाहीत, पण कर्जाच्या अटी घालतात आणि हप्ता अडवून धरू शकतात. म्हणून "युनोने ठरवलं", "युरोपने ठरवलं" आणि "वर्ल्ड बँकेने ठरवलं" ही वाक्यं बातमीत सारखी दिसली तरी त्यांचं वजन सारखं नसतं.

युरोपच्या आतही घोटाळा आहे. युरोपीय आयोग प्रस्ताव लिहितो. तो मंजूर करायचं काम युरोपीय संसद आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद मिळून करतात. याशिवाय राष्ट्रप्रमुख-पंतप्रधानांची युरोपीय परिषद आहे. ती दिशा ठरवते, कायदा करत नाही. आणि स्ट्रासबर्गला 'कौन्सिल ऑफ युरोप' म्हणून ४६ देशांची आणखी एक संस्था आहे, जिचा युरोपीय संघाशी थेट संबंध नाही. त्यात भर म्हणजे युरोपीय संसदेची अधिवेशनंही स्ट्रासबर्गलाच भरतात! वर्तमानपत्रांत या पाचांची सर्रास सरमिसळ होते. बातमी वाचून धावपळ सुरू करण्याआधी मूळ कागदाच्या डोक्यावर कोणाचं नाव आहे तेवढं बघा. आयोगाचं असेल तर अजून दोघांच्या सह्या बाकी आहेत असं समजायला हरकत नाही. अपवाद आहेत, ते पुढे येतील.

पायरी दुसरी: कागदाची जात ओळखा

आपल्याकडे मंत्र्याची घोषणा, परिपत्रक, शासन निर्णय आणि राजपत्रातली अधिसूचना यांत फरक असतो हे कोणाला शिकवावं लागत नाही. जीआर निघाला का, हा प्रश्न चहाच्या टपरीवरही विचारला जातो. ब्रसेल्सच्या कागदांना तोच प्रश्न लावायचा.

सुरुवात बहुधा भाषणापासून होते. सप्टेंबरमध्ये आयोगाच्या अध्यक्ष संसदेसमोर 'स्टेट ऑफ द युनियन' भाषण करतात, त्यानंतर काही आठवड्यांत आयोगाचा पुढच्या वर्षाचा कार्यक्रम येतो. या कार्यक्रमाच्या जोडपत्रात कोणते प्रस्ताव कोणत्या तिमाहीत येणार याचा तक्ता असतो. वर्षाला एकच कागद वाचायचा असेल तर हा तक्ता वाचा. भाषण सोडलं तरी चालेल.

मग येतं 'कम्युनिकेशन', म्हणजे आयोगाचं निवेदन. 'रणनीती', 'कृती आराखडा', 'डील', 'अजेंडा' अशा भारदस्त नावाने जे गाजतं ते बहुतेक वेळा हेच. त्यावर 'कॉम' आणि वर्ष अशी खूण असते: युरोपियन ग्रीन डील म्हणजे कॉम (२०१९) ६४०, ११ डिसेंबर २०१९ चा कागद. परराष्ट्र धोरणाच्या उच्च प्रतिनिधींसोबत मिळून काढलेला असेल तर खूण 'जॉइन' अशी असते. निवेदन कोणावरही बंधनकारक नसतं. ते आयोगाने स्वतःच्या नावावर दिलेलं आश्वासन असतं.

गोंधळ असा, की कायद्याच्या प्रस्तावालाही हीच 'कॉम' खूण असते. म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नका, मथळ्यात 'प्रपोझल' शब्द आहे का ते पाहा. प्रस्तावासोबत 'एसडब्ल्यूडी' खुणेचा एक जाडजूड कागद येतो, त्यात परिणामांचं मूल्यमापन असतं. त्याचा सुरुवातीचा छोटा सारांश जरूर वाचा. आयोगाने कोणते पर्याय तपासले आणि कोणते बाजूला ठेवले हे त्यात असतं. बाजूला ठेवलेले पर्याय पुढे वाटाघाटींत डोकं वर काढतात.

मंजूर झालेला कायदा युरोपीय संघाच्या राजपत्रात छापला जातो आणि त्याला 'ईयू' व वर्ष धरून क्रमांक मिळतो. 'रेग्युलेशन' असेल तर थेट लागू. 'डायरेक्टिव्ह' असेल तर प्रत्येक देश ठरलेल्या मुदतीत आपापला कायदा करणार, म्हणजे जर्मनीच्या पार्टीकडून एक मागणी येईल आणि इटलीच्या पार्टीकडून थोडी वेगळी. शिफारस आणि अभिमत यांना बंधन नाही.

आता श्वेतपत्रिका. आपल्याकडे श्वेतपत्रिका म्हणजे आधीच्या सरकारचा पंचनामा, असं समीकरण झालंय. ब्रसेल्समध्ये श्वेतपत्रिकेत पुढे काय करायचं ते असतं. १९८५ ची एकसंध बाजारपेठेची श्वेतपत्रिका हा या जातीतला सगळ्यात दमदार नमुना: सुमारे ३०० उपायांची यादी, प्रत्येकापुढे वेळापत्रक आणि १९९२ अखेरची मुदत. नंतरच्या रणनीतींमध्ये इतका सुटसुटीत कागद क्वचित सापडतो. हरितपत्रिका त्याच्याही आधीची, नुसती चर्चेला तोंड फोडणारी.

पायरी तिसरी: एका वाक्याचा माग काढून बघा

नियम पाठ करण्यापेक्षा एक उदाहरण शेवटपर्यंत चाळा. सुरुवातीच्या त्या एक्सेल शीटचंच घेऊ. सीमेवरच्या कार्बन समायोजनाची ही व्यवस्था, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर तो बनवताना सुटलेल्या कार्बनचा भार लावायची सोय, जिला सगळे 'सीबॅम' म्हणतात, आली कुठून?

ग्रीन डीलच्या निवेदनात त्यावर जेमतेम एक परिच्छेद आहे. त्यातलं मुख्य वाक्य सशर्त आहे: इतर देशांच्या हवामानविषयक तयारीत आणि युरोपच्या तयारीत फरक राहिलाच, तर आयोग निवडक क्षेत्रांसाठी अशी व्यवस्था प्रस्तावित करेल. वाचणाऱ्याला वाटावं, "तर" आहे ना, बघू पुढचं पुढे. पण त्याच निवेदनाला काही पानांचं जोडपत्र आहे. त्यातल्या तक्त्यात हीच बाब आहे, समोर वर्ष आहे २०२१, आणि "तर" गायब आहे. मजकूर राजकारण्यांसाठी लिहिलेला असतो, तक्ता खात्यातल्या अधिकाऱ्यांसाठी. काम तक्त्याप्रमाणे चालतं. म्हणून रणनीतीचा कागद हातात आला की आधी जोडपत्र उघडायचं.

२०२० च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये आयोगाने या विषयावर जाहीर मतं मागवली. जगातला कोणीही लिहू शकत होता, तुर्भ्यातला सुद्धा. १४ जुलै २०२१ ला प्रस्ताव आला, कॉम (२०२१) ५६४. 'फिट फॉर ५५' या नावाने त्या दिवशी जो गठ्ठा बाहेर पडला त्यात हा एक होता. त्या प्रस्तावाच्या परिशिष्टात सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खतं आणि वीज होती. स्क्रू-बोल्ट नव्हते.

ते आले डिसेंबर २०२२ मध्ये. आयोग, संसद आणि मंत्रिपरिषद बंद दाराआड बसून प्रस्तावावर घासाघीस करतात, त्या तिघांच्या बैठकीत यादी वाढली. हायड्रोजन आत आला, काही पूर्वपदार्थ (ज्यांपासून पुढचा माल बनतो) आले, आणि स्क्रू, बोल्ट व तत्सम पोलादी वस्तूही आल्या. म्हणजे ज्या बोल्टवाल्याने २०२१ चा प्रस्ताव नीट वाचून सुटकेचा निःश्वास टाकला होता, तोच यात अडकला. प्रस्ताव वाचून फाईल बंद करायची नाही. संसद आणि मंत्रिपरिषद आपापल्या दुरुस्त्या आधी जाहीर करतात, त्या दोन कागदांत वाटाघाटीचा अंदाज येतो.

१० मे २०२३ ला रेग्युलेशन (ईयू) २०२३/९५६ झालं. पण शीटमधले रकाने त्यातही सापडणार नाहीत. ते आले ऑगस्ट २०२३ च्या अंमलबजावणी नियमात, क्रमांक २०२३/१७७३. मूळ कायदा "अहवाल द्या" म्हणतो, कसा द्यायचा ते हा दुसरा कागद सांगतो. असे कागद आयोग सदस्य देशांच्या समितीला विचारून काढतो, त्यावर संसदेत वादळी चर्चा होत नाही, त्यामुळे बातमीही होत नाही. पहिल्या पायरीत अपवाद म्हटलं ते हे. १ ऑक्टोबर २०२३ ला अहवालांचा संक्रमणकाळ सुरू झाला आणि पहिला तिमाही अहवाल ३१ जानेवारी २०२४ पर्यंत द्यायचा होता. वागळे इस्टेटला शीट आली ती या घाईत. जोडपत्रातल्या त्या ओळीपासून शीटपर्यंत साधारण चार वर्षं लागली, आणि प्रत्येक टप्पा जाहीर होता.

नियमाची पीडीएफ उघडली की कशी वाचायची तेही इथेच सांगतो. सुरुवातीला "ज्याअर्थी" थाटाची क्रमांक घातलेली प्रस्तावना असते, ती तूर्त ओलांडा. सरळ परिशिष्ट १ मध्ये जा आणि आपला एचएस कोड, म्हणजे मालाचा कस्टम्समधला वर्गीकरण क्रमांक, शोधा. बोल्टचा ७३१८ तिथे आहे. मग व्याख्यांचं कलम. मग शेवटचं कलम, कारण कुठला भाग कोणत्या तारखेपासून लागू हे तिथे असतं. मग प्रत्येक "करील" कोणाला उद्देशून आहे ते पाहा. इथे गंमत कळते: कायदेशीर जबाबदारी युरोपातल्या आयातदाराची आहे, ठाण्यातल्या कारखान्याची नाही. कारखान्यावर दबाव येतो तो ऑर्डर टिकवण्याचा. हे कळलं की पार्टीशी बोलण्याचा सूर बदलतो. "सर, दंड आपल्याला नाही, त्यांना आहे. पण आकडे दिले नाहीत तर ते दुसरीकडून माल घेतील," एवढं शेठना सांगता आलं तरी बरंच काम झालं. आणि बोल्टच्या बाबतीत कार्बनचा मोठा हिस्सा वायर रॉड बनवणाऱ्या मिलकडचा असतो. मिल टेस्ट सर्टिफिकेटसोबत हे आकडेही मागायची सवय लावा.

अजून एक. २०२३ चा मूळ मजकूर आता जसाच्या तसा लागू नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुरुस्ती झाली आणि वर्षाला ५० टनांपर्यंत असा माल आणणाऱ्या आयातदाराला सूट मिळाली. वीज आणि हायड्रोजनला ती नाही. ही मर्यादा आयातदाराच्या एकूण मालावर आहे, तुमच्या कन्साइनमेंटवर नाही. पार्टी मोठी असेल तर तुमचे दोन टनही हिशेबात येतात. म्हणून 'युर-लेक्स' या संकेतस्थळावर मूळ कायदा उघडलात की 'एकत्रित आवृत्ती' निवडा. दुरुस्त्या मिसळलेला मजकूर तिथे मिळतो, वादात मात्र राजपत्रातलाच धरला जातो. त्याच पानावर प्रक्रियेचा क्रमांक असतो. सीबॅमचा २०२१/०२१४/सीओडी. तो टाकला की जन्मापासूनचे सगळे कागद ओळीने दिसतात. हा क्रमांक आपल्या फाईलच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

पायरी चौथी: कोणतं क्रियापद वापरलंय?

आयोग "प्रस्ताव मांडेल" म्हणतो तेव्हा आत काम सुरू झालेलं असतं. "विचार करेल", "मूल्यमापन करेल" याचा अर्थ खात्यांत एकमत नाही. "शक्यता पडताळेल" म्हणजे कोणाला तरी बरं वाटावं म्हणून ओळ घातली आहे. "सदस्य देशांना आवाहन करतो" म्हणजे तो अधिकार आयोगाकडे नाही. हे कुठल्या नियमपुस्तकात नाही, कागद वाचता वाचता बसलेले अंदाज आहेत, पण सहसा चुकत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांत तर शब्दांवरच लढाई होते. पॅरिस कराराच्या वेळी २०१५ मध्ये, विकसित देशांनी उत्सर्जन घटवण्याची उद्दिष्टं घ्यायलाच हवीत अशा अर्थाचं बंधनकारक क्रियापद अंतिम मसुद्यात होतं. अमेरिकेने हरकत घेतली आणि शेवटच्या तासांत ते "घ्यावीत" असं सौम्य झालं. २०२१ ला ग्लासगोत कोळसा "बंद करत नेण्या"ऐवजी "कमी करत नेणे" आलं, त्यात भारताचा हात होता. शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं ज्या ठरावात आहेत, तो २५ सप्टेंबर २०१५ चा ए/रेस/७०/१, बंधनकारक नाही. तरीही जिल्हा नियोजनापासून सीएसआरच्या अहवालांपर्यंत सगळीकडे तो दिसतो. बंधन नसलेला कागदही अर्ज भरताना कामाला येतो.

पायरी पाचवी: आकड्याला चिमटा काढा

या कागदांत मोठा आकडा आला की त्याच्या आधीचा शब्द वाचा. पैसे "देणार" की "उभारणार"? नोव्हेंबर २०१४ मध्ये आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष जाँ-क्लोद युंकर यांनी ३१५ अब्ज युरोंची गुंतवणूक योजना जाहीर केली. त्यात मुळात बाजूला ठेवलेले होते २१ अब्ज: १६ अब्जांची हमी आणि ५ अब्ज युरोपीय गुंतवणूक बँकेचे. बाकी रक्कम या हमीच्या जोरावर खाजगी आणि इतर गुंतवणूकदार आणतील असा पंधरापटीचा अंदाज होता. योजना खोटी होती असं नाही, पण ३१५ हा खर्चाचा आकडा नव्हता. परदेशांतल्या पायाभूत सुविधांसाठीच्या 'ग्लोबल गेटवे' योजनेचे ३०० अब्जही याच "उभारणार" गटातले.

मग किमती कोणत्या वर्षाच्या? कोरोनानंतरचा सावरण्याचा निधी कुठे ७५० अब्ज तर कुठे ८०६.९ अब्ज असा छापलेला दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. पहिला २०१८ च्या किमतींनुसार, दुसरा चालू किमतींनुसार. आणि त्या ७५० पैकी ३६० अब्ज कर्ज होतं.

टक्केवारी असेल तर कोणत्या वर्षाच्या तुलनेत? २०३० पर्यंत निव्वळ उत्सर्जनात किमान ५५ टक्के घट, हे १९९० च्या तुलनेत. हे उद्दिष्ट २०२१ च्या हवामान कायद्यात बसवलंय, म्हणून त्याला वजन आहे. उलट संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्के खर्च, हे उद्दिष्ट २००२ मध्ये बार्सिलोनात २०१० साठी ठरलं, गाठलं गेलं नाही, मग 'युरोप २०२०' रणनीतीत तसंच पुढे गेलं, आणि आजही गाठलेलं नाही. एखादा आकडा जुन्या रणनीतीतही होता का हे शोधायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत नव्या रणनीतीबद्दल बरंच कळतं.

पायरी सहावी: गाजलेल्या कागदापेक्षा बारका कागद बघा

वाशीच्या फळबाजारातल्या नवख्यांनी ही पायरी गिरवावी. मे २०२० मध्ये 'फार्म टू फोर्क' रणनीती आली: २०३० पर्यंत रासायनिक कीटकनाशकांचा वापर आणि धोका ५० टक्क्यांनी कमी. जून २०२२ मध्ये त्यासाठीचा कायद्याचा प्रस्ताव आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संसदेने तो फेटाळला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर युरोपभर रस्त्यावर असताना, आयोगाने तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. सगळ्या जगाने ज्यावर परिसंवाद भरवले ते उद्दिष्ट कायदा न होताच बारगळलं.

पण फेब्रुवारी २०२३ मध्येच आयोगाने एक छोटा नियम काढला होता, २०२३/३३४. थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या दोन कीटकनाशकांच्या अवशेषांची मर्यादा त्याने अगदी तळाला, मोजता येईल तितक्यावर, आणली. कारण दिलं मधमाश्या. लागू मार्च २०२६ पासून, आयात मालालाही. आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी कोकणात थायामेथोक्झाम फवारलं जातं. बागायतदाराशी फवारणीचं बोलताना त्याला रणनीतीचं नाव सांगून उपयोग नाही, या नियमाची तारीख सांगा.

हापूसचा इतिहासही हेच सांगतो. १ मे २०१४ पासून युरोपने भारतीय आंबा बंद केला, फळमाशी सापडल्यामुळे. त्यामागे ना रणनीती होती ना भाषण. वनस्पती आरोग्याबाबतचा एक मोजक्या पानांचा निर्णय होता. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय झाला.

तारखाही पक्क्या धरू नका. जंगलतोडमुक्त मालाचा नियम, २०२३/१११५, डिसेंबर २०२४ अखेर लागू व्हायचा होता. अंमल सुरू होण्याच्या तोंडावर तो वर्षभर पुढे गेला, नंतर पुन्हा. लाकूड, कॉफी, रबर, चामडं यांत असाल तर आधीपासून केलेली तयारी वाया जात नाही, पण सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याच्या "उद्यापासून लागू" या धाकाला भुलू नका.

पायरी सातवी: बँकेचे कागद, ऐरोली–कळव्याच्या निमित्ताने

दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. ते ज्या ऐरोली–कळवा जोडमार्गाचा भाग आहे तो एमयूटीपी-३ मध्ये, म्हणजे मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, येतो, पनवेल–कर्जत आणि विरार–डहाणू यांच्यासोबत. या प्रकल्पासाठी आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेशी ५० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार ऑगस्ट २०२० मध्ये झाला. करार सरकारांचा, कागद मात्र बँकेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात.

इथे क्रम वेगळा असतो. आधी प्रकल्पाचा छोटा सारांश, मग मंजुरीच्या वेळचा सविस्तर दस्तऐवज, सोबत पर्यावरण आणि पुनर्वसनाचे आराखडे. पुढे अंमलबजावणीचे अहवाल, शेवटी समाप्ती अहवाल. कार्यकर्त्याने दोन जागा थेट उघडाव्यात. एक, निष्पत्तीचा तक्ता: काय मोजणार, आज किती आहे, कोणत्या वर्षी किती व्हायला हवं. दुसरी, पुनर्वसन आराखड्यातला पात्रता तक्ता, ज्यात कोणत्या प्रकारच्या बाधिताला काय मिळणार हे लिहिलेलं असतं. मोर्चात "बँकेने सांगितलंय" असं मोघम ओरडण्यापेक्षा त्या तक्त्यातली ओळ दाखवली की समोरचा अधिकारी कागद मागवतो.

दाद मागायची सोयही असते. जागतिक बँकेचं निरीक्षण मंडळ १९९३ पासून आहे. पहिल्या एमयूटीपीविरुद्ध, म्हणजे २००२ मध्ये जागतिक बँकेने ५४.२ कोटी डॉलर मंजूर केलेल्या प्रकल्पाविरुद्ध, मुंबईतल्या विस्थापितांनी या मंडळाकडे तक्रार केली. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे थांबवले आणि जूनमध्ये पुन्हा सुरू केले. कर्ज घेणाऱ्या यंत्रणेला हप्ता थांबणं फार लागतं.

पायरी आठवी: वर्षं उलटल्यावरचा कागद

योजना जाहीर होते तेव्हा पत्रकार परिषद असते, हिशेब येतो तेव्हा कोणी नसतं. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाचे (नावात न्यायालय असलं तरी हे संघाचे हिशेबतपासनीस) विशेष अहवाल हा माझ्या मते या सगळ्या ढिगातला सगळ्यात वाचनीय प्रकार आहे. २०१४ ते २०२० मध्ये अर्थसंकल्पाचा २० टक्के, म्हणजे २१६ अब्ज युरो हवामानासाठी खर्चले असा आयोगाचा दावा होता. २०२२ च्या अहवालात लेखापरीक्षकांनी सांगितलं की यात किमान ७२ अब्ज फुगवलेले आहेत, खरा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास. शेतीची अनुदानं हवामानखर्चात मोजली होती. आयोगाचं उत्तरही त्याच अहवालाच्या शेवटी छापलेलं असतं, तेही वाचा. आपल्याकडचे कॅगचे अहवाल चाळायची सवय असेल तर इथे परकं वाटणार नाही.

पायरी नववी: बोलायचं असेल तर

नवी मुंबई महापालिकेचा प्रारूप विकास आराखडा २०२२ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला झाला तेव्हा हजारोंनी लिहिलं. ब्रसेल्सच्या प्रारूपांवरही असं लिहिता येतं हे मात्र आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. 'हॅव युवर से' या आयोगाच्या संकेतस्थळावर विषय निवडून सूचना चालू करून ठेवा, नवीन कागद आला की मेल येतो. मोठ्या सल्लामसलतीला साधारण १२ आठवडे मिळतात, आयोगाने मांडलेल्या प्रस्तावावर अभिप्रायाला ८. लघुउद्योगांच्या संघटनेमार्फत लिहिलंत तर अधिक बरं, एकट्याने लिहिलं तरी चालतं.

लिहिताना "आमच्यावर अन्याय होतोय" या वाक्याने सुरुवात करू नका. तशी शेकडो येतात. कलम किंवा परिशिष्टाचा क्रमांक द्या, आपल्या प्रकारच्या युनिटमध्ये ती अट पाळताना नेमकं कुठे अडतं ते सांगा: उदाहरणार्थ, प्लेटिंग जॉबवर्कला बाहेर जातं, तिथल्या विजेचं वेगळं मीटर नाही, तर आकडा कोणाच्या नावावर धरायचा? आणि पर्यायी शब्दरचना सुचवा. इंग्रजीत लिहा, साधं आणि आटोपशीर, कागदपत्रं वेगळी जोडा. व्यक्तिगत उत्तराची वाट बघू नका, उत्तर मिळतं ते एकत्रित अहवालात. अभिप्राय सगळ्यांना दिसेल असा प्रसिद्ध होतो, नाव लपवायचा पर्याय निवडला तरी मजकूर दिसतोच, तेव्हा पार्टीचं नाव, दर किंवा उत्पादनाचा टनेज त्यात घालण्याआधी शेठना विचारून घ्या.